गाडी कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

गॅरेजच्या दारात नेली की गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होते. दवाखान्यात पोचल्यावर दातदुखी थांबते, तसंच. मग मेकॅनिक म्हणतो, "बॅटरी बदलून बघू साहेब." पंधरा दिवसांनी पार्किंगमध्ये पुन्हा तेच. मग "सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बघू", मग "किल्लीचा सेट बघू". अंदाजाने तीन पार्ट बदलून होतात आणि खरा दोष, म्हणजे अर्थिंगच्या पट्टीचा एक गंजलेला बोल्ट, जागच्या जागी असतो.

अधूनमधून येणारा दोष गाडी नीट चालत असताना मीटर लावून सापडत नाही. गाडी अडून बसलेली असते त्या दोन मिनिटांतच तो पकडावा लागतो. नेमक्या त्याच वेळी आपण घाईत किल्ली दहा वेळा फिरवतो, बॉनेट उघडून दिसेल ती वायर हलवतो, आणि गाडी सुरू झाली की विसरून जातो. वायर हलवल्याने गाडी सुरू झाली की सेल्फ थोडा थंड झाल्याने, हे मग कुणालाच सांगता येत नाही.

खाली धरलेलं उदाहरण किल्लीने सुरू होणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीचं आहे: मॅन्युअल गिअर, १२ व्होल्ट ३५ अँपिअर-अवरची बॅटरी. पुश बटण, सीएनजी, डिझेल यांत वेगळं काय, ते त्या त्या ठिकाणी येईल.

अडली की आधी आतला दिवा लावा

गाडी अडली की छताचा आतला दिवा लावा आणि त्याच्याकडे बघत किल्ली एकदाच, तीन सेकंद, सेल्फच्या जागी धरा. हेडलाइट नको, कारण काही गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट आपोआप कापला जातो आणि फसगत होते. आतला दिवा थेट बॅटरीवर असतो. कान बॉनेटकडे, डोळे दिव्याकडे.

दिवा एकदम मंद झाला किंवा विझला आणि बॉनेटखालून टकटकटकटक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर पकड नाही. दिवा जवळजवळ तसाच राहिला आणि एकच ठसठशीत "कट्ट" ऐकू आलं, तर सेल्फपर्यंत हुकूम पोचला, पण मोटर फिरली नाही. दिवा तसाच, आवाज काहीच नाही, तर हुकूमच पोचलेला नाही: किल्लीचा स्विच, क्लचचा स्विच, रिले (बारीक करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), फ्यूज किंवा सोलेनॉइडकडे (सेल्फवरच्या चुंबकी स्विचकडे) जाणारी बारीक वायर. आणि सेल्फ नेहमीसारखा करकर फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी आणि सेल्फ दोघेही निर्दोष. तिथे पेट्रोल, स्पार्क आणि सेन्सर बघायचे.

मंद दिवा आणि एकच "कट्ट" असंही होतं. मोटर आतून जाम झाली असेल तर ती भरपूर करंट ओढते आणि फिरत नाही. क्वचित इंजिनच जाम असतं. शंका आली तर गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे ढकला. इंजिन मोकळं असेल तर गाडी अडखळत का होईना, हलते.

हे चार प्रकार वेगळे करता आले तर निम्मं काम झालं. डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवा आणि दर वेळी लिहा: तारीख, इंजिन थंड की गरम, आदला दिवस पावसाचा की कोरडा, गाडी किती वेळ उभी होती, टाकीत पेट्रोल किती, आवाज कोणता, दिव्याचं काय झालं, कितव्या प्रयत्नात सुरू झाली. चार-पाच नोंदी झाल्या की साचा दिसू लागतो. लांबून आल्यावर पेट्रोल पंपावर दहा मिनिटं थांबून परत सुरू करताना अडणारी गाडी आणि सोमवारी सकाळी अडणारी गाडी, यांचे आजार वेगळे असतात.

बॅटरी: मोजून बघा

एक डिजिटल मल्टिमीटर घ्या. पाचशे-सहाशे रुपयांचाही चालतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. नुकतीच चालवून आणलेली गाडी १२.९ दाखवते, तो वरवरचा चार्ज असतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा. उभ्या गाडीत १०.५ च्या आसपास दिसलं तर सहा सेलपैकी एक बसलाय. ती बॅटरी चार्जरवर लावून उपयोग नाही.

नुसत्या उभ्या व्होल्टेजवर मात्र विश्वास ठेवू नका. १२.५ दाखवणारी जुनी बॅटरी सेल्फ मारताच ८ वर कोसळू शकते. म्हणून मीटरच्या टोकांना बॅटरीवरच धरून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आपल्याकडच्या हवेत छोट्या पेट्रोल गाडीत आकडा १० च्या वर राहायला हवा, ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून पुन्हा तपासा, तरी तेच असेल तर बदला. इंजिन सुरू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. १३ च्या खाली असेल तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) किंवा त्याचा पट्टा बघा. १५ च्या वर असेल तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय, आणि तो नवी बॅटरीही उकळून मारेल. (काही नव्या गाड्यांत चार्जिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिथे आकडा थोडा वेळ १३ च्या खाली दिसू शकतो. हेडलाइट आणि एसी लावून मोजा.)

बॅटरी थंडीने मरते असा समज आहे. आपल्याकडे तिला मारतो उन्हाळा. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांत प्लेटा आतून झिजतात, पण गाडी तेव्हा सुरू होत राहते, कारण गरम इंजिन हलकं फिरतं. पितळ उघडं पडतं ते डिसेंबर-जानेवारीत, निफाडसारख्या गार सकाळी, जेव्हा ऑइल घट्ट असतं आणि बॅटरीचा जोर कमी. बॅटरी चार वर्षांची झाली असेल आणि तक्रार फक्त थंड सकाळची असेल, तर फार खोलात जाऊ नका.

बॅटरी चांगली आहे, पण दोन-तीन दिवस उभी राहिली की उतरते, तर कुठेतरी चोरटा करंट जातोय. मीटर १० अँपिअरवर लावा (लाल टोक १० अँपिअरच्या भोकात हलवायला विसरू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल). निगेटिव्ह केबल काढून केबल आणि बॅटरीच्या मध्ये मीटर जोडा. बॉनेट आणि दार उघडं ठेवायचं असेल तर लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत दाबून ठेवा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा. कॉम्प्युटर झोपी जायला वेळ घेतात. या काळात किल्ली फिरवायची नाही, सेल्फचा करंट मीटरमधून गेला तर मीटर संपला. शेवटी ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३०० दिसत असतील तर दिवसाला सात अँपिअर-अवर गेले, म्हणजे ३५ ची बॅटरी अडीच दिवसांत अर्धी. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या लायनीत चोर आहे. बहुतेक वेळा तो बाहेरून बसवलेला असतो: म्युझिक सिस्टिम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम, रिव्हर्स कॅमेरा. कंपनीच्या वस्तूंपैकी डिकीचा न विझणारा दिवा मी पहिला तपासेन.

टर्मिनल, केबल आणि अर्थिंग

सगळ्यात जास्त गाड्या इथे अडतात आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना शंभर ते दीडशे अँपिअर ओढतो. वाटेत ओमच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे ०.०१ ओम, अडथळा असला तरी १२० अँपिअरला १.२ व्होल्ट तिथेच खर्च होतात. हा अडथळा मल्टिमीटरच्या ओमच्या जागी दिसत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच ०.२-०.३ ओम असतो. केबलला मीटरचा बझर वाजला म्हणून केबल चांगली, हे म्हणणं म्हणूनच चुकीचं. एक तार शाबूत असली तरी बझर वाजतो.

मोजायचं ते करंट वाहत असताना. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर. फ्यूएल पंपाचा फ्यूज काढा म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, म्हणजे शिशाच्या खांबावर, त्यावर आवळलेल्या क्लॅम्पवर नव्हे. काळं टोक सेल्फच्या जाड नटावर, जिथे जाड लाल केबल येते. सेल्फ मारताना आकडा ०.५ च्या आत हवा, चांगल्या गाडीत ०.३ असतो. जास्त आला तर काळं टोक एकेक पाऊल मागे आणत या: केबलचा लग (तिच्या टोकाची धातूची कडी), मग बॅटरीचा क्लॅम्प. आकडा जिथे एकदम खाली येतो, त्याच्या आधीचा सांधा दोषी. खांब आणि क्लॅम्प यांच्यातच ०.१ च्या वर दिसत असेल तर घासायला पॉलिश पेपर घ्या.

हेच निगेटिव्ह बाजूला: काळं टोक निगेटिव्ह खांबावर, लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, ०.३ च्या आत. मग लाल टोक बॉडीवर. बॅटरीपासून बॉडीपर्यंत ठीक आणि इंजिनपर्यंत वाईट असेल, तर बॉडी आणि इंजिन-गिअरबॉक्स यांना जोडणारी विणीव पट्टी गेली आहे. ती खाली, चिखल उडतो तिथे असते. वरून पट्टी दिसते छान, पण लगच्या आत तारा हिरव्या पडून भुगा झालेल्या असतात. रत्नागिरी-मालवणकडच्या खाऱ्या हवेत हे फार होतं. बोल्ट बहुधा १० च्या किंवा १२ च्या पान्याचा. काढा, लगची आणि खालच्या धातूची रंगाची व गंजाची जागा चकचकीत करा, घट्ट करा, वरून ग्रीस.

सेल्फ एक वेळ १० सेकंदांहून जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा. आणखी एक फसवणूक: करंट वाहतच नसेल, तर प्रत्येक सांध्यावर शून्य दिसेल आणि सगळं उत्तम वाटेल. "आवाजच नाही" प्रकारात या चाचणीला अर्थ नाही.

रस्त्यात मीटर नसेल तर एक जंपर केबल पुरते. तिचं एक टोक निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या धातूवर, उदाहरणार्थ इंजिन उचलण्याच्या हुकवर. सेल्फ मारला आणि गाडी लगेच फिरली, तर दोष अर्थिंगचा. दोन मिनिटांचं काम, पण यात वाचलेल्या सेल्फची गणती नाही.

जंपर केबल घेताना वेष्टनावरचा "५०० अँपिअर" वाचू नका. स्वस्तातल्या केबलींत जाड प्लास्टिकच्या आत बारीक तार असते. १६ चौरस मिलिमीटर तांब्याची घ्या. जोडण्याचा क्रम: लाल टोक उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लाल दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळं चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं काळं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडीला ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून लांब. पाच मिनिटं दुसरी गाडी चालू ठेवून मग सेल्फ.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड चढली असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. एक कप गरम पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश. सेलच्या झाकणात पाणी जाऊ देऊ नका. वाळल्यावर खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासा, आधी पॉझिटिव्ह मग निगेटिव्ह घट्ट करा, आणि जोडणी झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावू नका. क्लॅम्प हाताने फिरवला आणि फिरला, तर तो सैल आहे. त्यात पत्र्याची पट्टी किंवा खिळा कोंबण्याऐवजी क्लॅम्प बदला.

"कट्ट" म्हणून गप्प

केबल, अर्थिंग, बॅटरी ठीक, तरीही एकच कट्ट, आणि पाचव्या-सहाव्या वेळी काहीच झालं नसल्यासारखी गाडी सुरू. याचं उत्तर सोलेनॉइडच्या पोटात आहे.

किल्ली फिरवली की बारीक वायरीतून सोलेनॉइडच्या कॉइलला करंट मिळतो. लोखंडी प्लंजर आत ओढला जातो. त्याचं एक टोक चिमट्याने बेंडिक्स (सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे सरकवून फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) दात्यांत अडकवतं. दुसऱ्या टोकाची तांब्याची गोल चकती दोन तांब्याच्या कॉन्टॅक्टवर आपटते आणि बॅटरीचा जाड करंट मोटरला मिळतो. तो "कट्ट" या आपटण्याचा. दर वेळी तिथे ठिणगी पडते आणि तांबं थोडं जळतं. वर्षानुवर्षांनी कॉन्टॅक्टवर खड्डा पडतो आणि चकती जेमतेम टेकते. चकती प्लंजरवर थोडी थोडी फिरत असते. चांगली बाजू समोर आली तर गाडी सुरू होते, जळकी बाजू आली तर नुसतंच कट्ट. दोष कधी येतो आणि कधी नाही, तो या फिरण्यामुळे.

खात्री अशी करा: सोलेनॉइडवर दोन जाड नट असतात. एकावर बॅटरीची केबल, दुसऱ्यावर मोटरच्या आत जाणारी छोटी जाड वायर. मीटर या दोन नटांच्या मध्ये लावा. कट्ट होऊनही १२ च्या आसपास आकडा तसाच राहिला, तर कॉन्टॅक्ट जळलेत. आकडा शून्याजवळ आला, म्हणजे मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळतंय आणि तरी ती फिरत नाही, तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश) झिजलेत किंवा आर्मेचर, म्हणजे तो फिरता भाग, एका जागी मेलंय. कार्बनच्या दोषात सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या मुठीने हलकेच ठोकलं की एक-दोन वेळा सुरू होते. घरी पोचायला हे चालतं. मात्र काही सेल्फमध्ये आत कायमचे चुंबक चिकटवलेले असतात, हातोडीने ते फुटतात. हलकेच म्हणजे हलकेच.

अख्खा सेल्फ बदलायची गरज दोन्हीत सहसा नसते. जपानी धर्तीच्या सेल्फसाठी दोन कॉन्टॅक्ट आणि प्लंजर सुटे मिळतात, कार्बनचा सेट मिळतो, मागचा बुशही मिळतो. सेल्फ उतरवण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढलाच पाहिजे. जाड केबलला मध्ये फ्यूज नसतो, पाना बॉडीला लागला तर वेल्डिंग होतं. अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचं घड्याळही काढून ठेवा. सेल्फ धरणारे बोल्ट बहुधा दोन, १४ च्या पान्याचे. कॉन्टॅक्ट बसवताना नट जास्त आवळला तर कॉन्टॅक्ट आत तिरका फिरतो आणि चकती पुन्हा एकाच बाजूला टेकते. नवीन किट घालूनही कट्ट राहतो तो यामुळे. बंद करण्यापूर्वी प्लंजर बोटाने दाबून दोन्ही कॉन्टॅक्टवर चकती एकाच वेळी टेकते का ते बघा.

सेल्फ घर्रर्र करून नुसताच फिरला आणि इंजिन हललं नाही, तर बेंडिक्सचा क्लच सरकतोय. खर्रकन दाते घासल्याचा आवाज येत असेल आणि गाडी गिअरमध्ये टाकून थोडी ढकलली की नीट सुरू होत असेल, तर फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते एका जागी झिजलेत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण दोनच जागी थांबतं, तीन सिलिंडरचं तीन जागी, म्हणून झीज ठरावीक ठिकाणी होते. रिंग बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लचप्लेटचं काम जवळ आलं असेल तर दोन्ही एकदम करा.

आवाजच नाही

आधी सोपं. ज्या गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तिथे पायाखालचा जाड मॅट क्लच पूर्ण खाली जाऊ देत नाही, असं सर्रास होतं. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर "पी"ऐवजी "एन"वर घेऊन बघा. "एन"ला सुरू होत असेल तर लिव्हरचा स्विच सरकलाय. पुश बटणाच्या गाडीत रिमोटमधला सीआर २०३२ सेल उतरलेला असू शकतो. बऱ्याच गाड्यांत रिमोट बटणालाच टेकवून दाबलं तर चालतं. ब्रेकलाइटचा स्विच गेला असेल तर ऑटोमॅटिक गाडीला पाय ब्रेकवर असल्याचं कळतच नाही. मागे कुणाला तरी उभं करून ब्रेकलाइट लागतात का ते विचारा.

मग रिले. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर सेल्फचा रिले कोणता ते छापलेलं असतं. त्याच क्रमांकाचा हॉर्नचा रिले बऱ्याच गाड्यांत असतो, दोघांची अदलाबदल करा. गाडी सुरू झाली आणि हॉर्न मेला, तर चोर हातात आला.

जुन्या गाड्यांत रिले नसतो, सोलेनॉइडचा सगळा करंट किल्लीच्या स्विचमधून जातो. सुरुवातीच्या क्षणी तो वीस-तीस अँपिअर असतो. दहा-बारा वर्षांत स्विचचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, आणि सोलेनॉइडला १२ च्या जागी ७-८ व्होल्ट मिळतात. इंजिन गरम असताना कॉइलचा रोधही वाढलेला, त्यामुळे गाडी ट्रॅफिकमधून आल्यावरच हट्ट धरते आणि सकाळी शहाण्यासारखी सुरू होते. बारीक वायर जोडलेली असताना, किल्ली सेल्फवर धरून तिथलं व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या त्या वेळच्या व्होल्टेजपेक्षा दीड व्होल्टहून जास्त कमी असेल तर स्विच किंवा वाटेतला कनेक्टर दोषी. वायर काढून मोजू नका. मोकळ्या वायरीला काळा पडलेला स्विचही १२ व्होल्ट दाखवतो. मीटर काही ओढतच नाही.

स्विच बदलणं हा एक उपाय. मला यापेक्षा रिले बसवणं आवडतं, कारण नव्या स्विचवरही तोच भार पडतो. चार पायांचा ४० अँपिअरचा रिले घ्या. सोलेनॉइडची जुनी बारीक वायर पाय ८६ ला, ८५ बॉडीला, ३० ला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ३० अँपिअरचा फ्यूज घालून ४ चौरस मिलिमीटरची वायर, आणि ८७ पासून तशीच वायर सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलला. फ्यूज बॅटरीच्या वीतभर अंतरात हवा. रिले पाणी न लागणाऱ्या जागी, पाय खाली करून बसवा.

करकर फिरते, पकडत नाही

किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि मागच्या सीटकडे कान द्या. टाकीतला पेट्रोल पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. आवाज नसेल तर त्याचा रिले, फ्यूज, मग पंप. पंपाचे कार्बन झिजले असतील तर टाकीच्या तळाला हाताच्या मुठीने दोन-चार ठोके दिल्यावर तो जागा होतो. हे निदान समजा, उपचार नव्हे. आवाज येतो, पण सकाळी लांब सेल्फ मारावा लागतो, तर किल्ली दोन-तीन वेळा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. लगेच पकडली तर रात्रभरात लायनीतलं प्रेशर उतरतंय, पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा एखादा गळका इंजेक्टर.

सीएनजीवाल्यांचा वेगळा घोळ. पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जाणाऱ्या गाड्या पुण्या-मुंबईत ढिगाने आहेत, आणि "सुरू करण्यापुरतं तर लागतं" म्हणून पेट्रोलचा काटा कायम लाल पट्टीत. पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. कोरडा फिरला की जळतो. टाकीत सात-आठ लिटर ठेवा आणि आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा, म्हणजे इंजेक्टरही चिकटणार नाहीत.

गरम असताना बंद पडते, अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, दुसऱ्या दिवशी काही नाही. हे वाचलं की माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा सेन्सर). त्याच्या आतली बारीक तार गरम झाली की तुटते, थंड झाली की जुळते. ओबीडीच्या (गाडीच्या कॉम्प्युटरच्या तपासणी) सॉकेटला ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर आरपीएम बघत सेल्फ मारा. सेल्फ फिरतोय, २०० ते ३०० आरपीएम दिसायला हवेत, आणि आकडा शून्य: सेन्सर किंवा त्याची वायर. दोषाचा कोड पी०३३५ येऊ शकतो, पण कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष असं धरू नका. नवीन घेताना कंपनीचाच घ्या. बाजारातल्या नकलांचं अंतर आणि सिग्नल दोन्ही डळमळीत असतात, आणि मग तोच दोष सहा महिन्यांनी परत.

डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (किल्लीची चिप ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेने) गाडी अडवली आहे. दुसरी किल्ली वापरून बघा. एकाच रिंगमध्ये दोन गाड्यांच्या चिपवाल्या किल्ल्या असतील तर त्या सोडवा, एकमेकींच्या सिग्नलमध्ये येतात.

खूप वेळ सेल्फ मारून पेट्रोलचा वास येऊ लागला तर प्लग ओले झालेत. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि पाच-सात सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत यामुळे पेट्रोल बंद होतं आणि हवेने सिलिंडर वाळतात. इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं सांगत असेल तरी असंच होतं. २० अंशांना त्याचा रोध साधारण दोन-अडीच हजार ओम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास असतो.

डिझेलमध्ये थंड सकाळी अडत असेल तर ग्लो प्लग (सिलिंडर आधी तापवणारे प्लग): प्रत्येकाचा रोध एक-दोन ओमच्या आत हवा, अनंत दाखवणारा गेला. फिल्टर बदलल्यानंतर अडायला लागली असेल तर लायनीत हवा शिरते आहे, पारदर्शक पाइपमधून बुडबुडे दिसतात.

पावसाळ्यात उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि इंजिनच्या गरम जागेत वायरी कुरतडतात. अर्धवट कुरतडलेली वायर सुक्यात चालते, ओल्यात नाही. लूमवर (वायरींच्या जुडग्यावर) टेप पुन्हा गुंडाळून झाकण्याआधी तो उघडा, प्रत्येक वायर दोन्ही बाजूंनी हलकेच ओढा. जी रबरासारखी लांबते, तिचं तांबं आत तुटलेलं आहे. जोड देताना नुसती पिळून टेप मारू नका. कथिलाचं डाग द्या आणि वर हीट श्रिंक नळी चढवा.

या सगळ्यात बॅटरी काढावी लागली असेल तर पुन्हा जोडल्यावर घड्याळ जातं, काही गाड्यांत स्टिरिओ कोड मागतो आणि काचा एका दाबात वर जायच्या थांबतात. काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद तसंच ओढून धरलं की बहुतेक गाड्यांत ती परत शिकते. आयडलिंग पहिले दहा-पंधरा मिनिटं जरा वर-खाली होतं. एसी बंद ठेवून गाडी उभी चालू ठेवा, नंतर एसी लावून.